जुने खलबत्ते आणि त्यांवरील नक्षीच्या शैली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या खलबत्त्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे आहे; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘खल’ म्हणजे भांडे आणि ‘बत्ता’ म्हणजे दांडा, हा भेद सर्वत्र पाळला आहे.

१. खल, उखळ आणि पाटा यांत नेमका फरक काय? या पानावर कशाचा विचार केला आहे?

उखळ मोठे असते, पुष्कळदा जमिनीत पुरलेले असते आणि त्यात उभे राहून मुसळाने कांडतात. पाटा सपाट असतो आणि त्यावर वरवंटा मागेपुढे फिरतो. खल उचलता येण्याजोगा, खोलगट आणि जाड बुडाचा असतो. त्यात कुटता येते आणि घोटताही येते. या पानावर मुख्यतः खलाचाच विचार केला आहे, कारण नक्षीकाम प्रामुख्याने त्याच्या वाट्याला आले. तो औषधे बनवणाऱ्याच्या समोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर उभा असे, त्यामुळे त्याच्या बाहेरच्या अंगावर खर्च करणे मालकाला परवडत असे.

शब्दाविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. लॅटिन ‘मोर्टारियम’ या शब्दावरून युरोपीय भाषांत खलाला आणि आखूड नळीच्या तोफेला एकच नाव पडले, आणि मराठीनेही त्याच साम्यावरून ‘उखळी तोफ’ असे म्हटले.

२. सर्वांत जुने खल कोणते? त्यांवर नक्षी असते का?

पूर्व भूमध्य किनाऱ्यावरील नातुफियन संस्कृतीचे दगडी खल इ.स.पू. १० व्या सहस्रकाच्याही मागे जातात; शेती सुरू होण्यापूर्वीची ही साधने आहेत. काही ठिकाणी भांडे वेगळे न घडवता उघड्या खडकातच खळगे पाडले गेले. कॅलिफोर्नियातील मिवोक या मूळ रहिवासी लोकांच्या ‘चावसे’ या ठिकाणी एकाच खडकावर असे १,१८५ खळगे आहेत आणि त्यांच्याभोवती वर्तुळे, आरे असलेली चाके, प्राण्यांच्या व माणसांच्या पावलांचे ठसे अशी ३६३ कोरीव चिन्हे मोजली गेली आहेत. कुटण्याची जागा आणि चिन्हांकनाची जागा येथे एकच आहे, म्हणून नक्षीच्या इतिहासात या खडकाची नोंद घेतलीच पाहिजे.

याच्या अगदी उलट टोकाला पर्सेपोलिस या प्राचीन इराणच्या राजधानीतील खजिन्यात सापडलेले इ.स.पू. ५ व्या शतकातील हिरवट चर्ट दगडाचे खल आणि बत्ते आहेत. त्यांवर कोरीव काम नाही. घाटदार आकार आणि अत्यंत गुळगुळीत झिलई हेच त्यांचे सौंदर्य आहे. शाईने लिहिलेले अरेमाईक या प्राचीन पश्चिम आशियाई भाषेतील लेख मात्र त्यांपैकी पुष्कळांवर आहेत.

३. खल कशाचा आहे यावरून त्याची शैली ठरते का?

बऱ्याच अंशी ठरते. दगड फोडून आणि घासून आकाराला आणावा लागतो, म्हणून दगडी खलांची नक्षी ठळक आणि मोजकी असते. मध्ययुगीन इंग्लंडमधील, ‘पर्बेक संगमरवर’ म्हटल्या जाणाऱ्या चुनखडकाच्या खलांना काठाशी चार जाड कान ठेवलेले दिसतात आणि त्या कानांखालून उभ्या पट्ट्या बुडाकडे उतरतात. मेक्सिकोकडील तीन पायांचा बेसाल्टचा खल खडबडीतच ठेवला जातो, कारण त्याचा खरखरीत पोत हेच त्याचे काम आहे. औषधी रसकर्मातील, म्हणजे पारा व धातूंपासून औषधे बनवण्याच्या विद्येतील, संस्कृत ग्रंथांत नावेच्या आकाराचा आणि गोल असे खल वेगळे सांगितले आहेत. नावेच्या आकारात बत्ता लांबीच्या दिशेने मागेपुढे फिरतो, त्यामुळे दीर्घकाळ घोटण्याला तो सोयीचा पडतो; तेथे आकार हीच शैली आहे.

लाकडी खल लेथवर कातले जात, म्हणून त्यांवर आडवी कडी आणि खाचा असतात. यांत लिग्नम व्हायटी या अमेरिकेतून आलेल्या लाकडाचे खल सर्वांत प्रतिष्ठेचे. हे लाकूड पाण्यात बुडते इतके जड असते, आणि त्याचा गडद गाभा व फिकट बाह्यकाष्ठ यांतील रंगभेद चांगल्या कारागिराने नक्षीसारखा वापरलेला दिसतो. युरोपात हे लाकूड १६ व्या शतकात पोहोचले, तेव्हा त्याच्या खलाला त्यापूर्वीचा काळ देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कांसे आणि पितळ ओतता येते, म्हणून साच्यात उमटेल ते सर्व त्यांवर येऊ शकते. खरी विविधता तेथेच आहे आणि पुढील बरेच प्रश्न धातूच्या खलांचेच आहेत. बिडाचे खल सहसा साधे असतात. अगेट आणि काचेचे खल बारीक वाटण्यासाठी व रासायनिक कामासाठी असल्यामुळे त्यांवर नक्षी क्वचितच मिळते. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभकाराने आम्लाला दाद न देणाऱ्या कठीण, बिनझिलईच्या भाजलेल्या मातीचे पांढरट खल आणले. लाकडी मुठीचा मातीचा बत्ता आणि अंगावर दाबलेला ठसा, एवढीच त्यांची सजावट आहे.

४. रोमन उत्खननांत सापडणाऱ्या मातीच्या पसरट वाडग्यांना खल म्हणतात ते का?

त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर भाजण्यापूर्वी खरखरीत वाळू किंवा खडे दाबून बसवलेले असतात, आणि त्यावर पदार्थ घासून वाटला जातो. बाहेर वळवलेली रुंद कड पकडण्यासाठी आणि चोच ओतण्यासाठी असते. कडेवर पुष्कळदा कुंभाराच्या नावाचा ठसा असतो. तो नक्षी म्हणून केलेला नसला तरी काळ आणि कार्यशाळा ठरवताना त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

५. इस्लामी जगातील धातूचे खल कसे ओळखावेत?

ऐतिहासिक खुरासान, म्हणजे आजचा पूर्व इराण आणि अफगाणिस्तानचा काही भाग, येथील ११ व्या ते १३ व्या शतकांतील खल लगेच नजरेत भरतात. त्यांचे अंग गोल नळकांड्यासारखे किंवा अष्टकोनी असते. वर आणि खाली रुंद, बाहेर पसरलेली कड असते. मधल्या भागावर थेंबाच्या किंवा बदामाच्या आकाराचे जाड उंचवटे असतात. कान असल्यास तो अनेकदा बैलाच्या मस्तकाच्या आकाराचा असतो आणि त्यातून कडी लोंबते. धातू शुद्ध कांसे नसून तांबे, जस्त, शिसे आणि कथील यांचे मिश्रण असते.

पट्ट्यांवरील कूफी, म्हणजे कोनदार वळणाच्या अरबी लिपीतील, लेखांत ‘वैभव, भरभराट, सत्ता, क्षेम’ अशा शुभेच्छा असतात आणि त्या ‘याच्या मालकाला’ उद्देशून असतात. मालकाचे नाव मात्र नसते. वस्तू कोणासाठी म्हणून नव्हे तर बाजारासाठी घडवली गेली, हे या कोऱ्या जागेवरून कळते. याला अपवाद आहेत, आणि ते फार मोलाचे आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अबू बक्र अत्तार मरवझी याच्यासाठी घडवलेला, जडावकाम केलेला खल आहे. ‘अत्तार’ म्हणजे औषधी व सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि ‘मरवझी’ म्हणजे मर्व नगराचा. त्या दोन शब्दांत त्या माणसाचा धंदा आणि गाव दोन्ही मिळतात.

६. युरोपातील कांशाच्या खलांवर चर्चच्या घंटांसारखीच नक्षी का दिसते?

कारण ते ओतणारे हात एकच होते. घंटा, तोफा आणि खल हे एकाच ओताऱ्याच्या भट्टीतून निघत. उलटी ठेवलेली घंटा आणि खल यांच्या आकारात फारसे अंतर नाही, आणि घंटेच्या साच्यात नक्षी व अक्षरे उमटवण्यासाठी जे लाकडी ठसे असत तेच खलाच्या साच्यासाठी वापरले जात. त्यामुळे एखाद्या घंटेवर ओताऱ्याचे नाव आणि वर्ष असेल व तिच्यावरील पानाफुलांचा पट्टा निनावी खलावरील पट्ट्याशी तंतोतंत जुळत असेल, तर त्या खलाचा कर्ता सापडण्याची शक्यता बळावते. नक्षीकडे केवळ शोभा म्हणून पाहणारा संग्राहक हा पुरावा हातचा घालवतो.

ठसे बापाकडून मुलाकडे आणि एका ओतशाळेकडून दुसरीकडे जात, हे मात्र विसरू नये (प्रश्न १२ पाहा).

७. अंगावर उभ्या बरगड्या असलेला खल कोणत्या शैलीचा मानावा?

उंच, अरुंद अंग, ठळक उभ्या बरगड्या आणि कोनदार कान ही गॉथिक, म्हणजे युरोपातील उत्तर मध्ययुगीन कलापरंपरेची लक्षणे आहेत. त्या काळच्या चर्चच्या भिंतींना बाहेरून दिलेल्या आधारभिंतींची आठवण होते. स्पेनमध्ये ही पद्धत फार पुढपर्यंत टिकली. तेथील खलांच्या बरगड्या पंखासारख्या बाहेर येतात किंवा कठड्याच्या नक्षीदार खांबासारख्या दिसतात. धातूच्या खलासाठी स्पॅनिश भाषेतील ‘अल्मिरेझ’ हा शब्द अरबीतून आला आहे, आणि तेथील घाटांतही त्या वारशाचा अंश दिसतो. केवळ बरगड्या पाहून १५ वे शतक सांगणे म्हणूनच धाडसाचे ठरते. स्पॅनिश खल त्याहून दोन शतके अलीकडचा असू शकतो.

८. इटालियन आणि नेदरलँड्सकडील खलांत फरक कसा करावा?

इटालियन प्रबोधनकाळातील खल शिल्पकाराच्या नजरेतून घडलेला वाटतो. त्यावर माळा, पंख असलेली बालके, मुखवटे, वेलबुट्टीचे पट्टे आणि घराण्यांच्या ढाली असतात, आणि या सर्वांची अंगावरील मांडणी मोकळी असते.

नेदरलँड्स आणि फ्लँडर्सचा १६ व्या-१७ व्या शतकांतील खल घंटेच्या आकाराचा, काठाशी पसरलेला असतो. दोन कान डॉल्फिनच्या आकाराचे असतात आणि काठाखाली लेखाचा पट्टा फिरतो. ‘लोफ गॉट फान आल’, म्हणजे ‘सर्वासाठी देवाची स्तुती असो’, हे वाक्य आणि त्यापुढे वर्ष, ही तेथील नेहमीची पद्धत. ‘आमोर विन्किट ओम्निया’, म्हणजे ‘प्रेम सर्वांवर विजय मिळवते’, हे लॅटिन वचनही वारंवार भेटते. मेखेलेन येथील व्हान डेन घेन या घंटा ओतणाऱ्या घराण्याचे नाव अशा खलांवर मिळते. हीच वाक्ये नकलांवरही सर्वाधिक दिसतात, याचे कारण त्यांची लोकप्रियताच आहे (प्रश्न ११ पाहा).

९. खलावर नाव असेल तर ते मालकाचे की कारागिराचे?

नावासोबत ‘मे फेकिट’ असे लॅटिन शब्द असतील तर ते कारागिराचे आहे. ‘याने मला घडवले’ असा त्याचा अर्थ, म्हणजे खल स्वतःच बोलत आहे. यॉर्क येथील सेंट मेरी मठाच्या रुग्णागारासाठी १३०८ मध्ये ओतलेल्या खलावर रुग्णागाराचा उल्लेख आहे आणि ब्रदर विल्यम ऑफ टाउथॉर्प याने तो घडवल्याचेही नमूद आहे. मालक, कर्ता आणि वर्ष हे तिन्ही एकाच वस्तूवर मिळणे दुर्मीळ आहे.

‘मे फेकिट’ नसलेले एकटे नाव बहुधा मालकाचे असते, आणि जोडीने दोन नावे असल्यास विवाहप्रसंगीची भेट असण्याचा संभव असतो. इंग्लंडमधील १७ व्या शतकातील खलांवर राजचिन्हे दिसली की तो राजवाड्यातला होता अशी समजूत करून घेतली जाते; ती टाळावी. राजाचे चिन्ह हे निष्ठेचे प्रदर्शन आणि ओताऱ्याकडे तयार असलेला ठसा, एवढेच पुष्कळदा असते.

१०. बत्ता मूळ जोडीचाच आहे हे कसे कळेल?

बहुतेक वेळा तो मूळचा नसतो, असे गृहीत धरूनच पाहणीला सुरुवात करावी. बत्ता सहज हरवतो, आणि बऱ्याच खलांसोबत पुढे कधीतरी मिळालेला बत्ता ठेवला जातो. धातूचा रंग, टोकाची गोलाई आणि खलाच्या तळाची गोलाई, दोन्हींची झीज, आणि मुठीवरील कातलेल्या कड्यांची घडण ही चार अंगे एकमेकांशी ताडून पाहावीत. फार मोठ्या खलांचा जड बत्ता छतालगतच्या लवचीक वाशाला दोरीने टांगलेला असे, म्हणजे उचलण्याचे कष्ट वासा घेई. अशा बत्त्याच्या वरच्या टोकाला कडी किंवा भोक आढळते, आणि तो लहान खलासोबत विकला जात असेल तर जोडी जमवलेली आहे हे उघड आहे.

११. खल अस्सल आहे की नक्कल, हे घरच्या घरी तपासता येते का?

पूर्ण खात्री होत नाही, परंतु पुष्कळ नकला साध्या निरीक्षणातच उघड्या पडतात. येथे एकच कसोटी मनाशी धरावी : बाहेरची नक्षी आणि आतली झीज यांची साक्ष जुळली पाहिजे.

दोन-तीनशे वर्षे वापरलेल्या खलाचा तळ आतून खोल आणि गुळगुळीत झालेला असतो. त्याच्या आतल्या काठावर बारीक खाचा असतात, कारण बत्त्याला चिकटलेली भुकटी झाडण्यासाठी तो काठावर आपटला जातो. कानांच्या आतल्या बाजूला आणि बुडाच्या कडेला हाताळण्याची झीज असते. नकलाकार बाहेरच्या अंगावर रसायनांनी काळे-हिरवे पूट चढवतो, परंतु आत कुटण्याचे वय आणणे त्याला क्वचितच जमते. बाहेर १५९० चे वर्ष आणि आत कालच ओतल्यासारखा समान पृष्ठभाग असेल, तर त्या तारखेने उखळ पांढरे होणार ते विक्रेत्याचे.

दुसरी तपासणी मापाची. अस्सल खलावरून थेट साचा काढून ओतलेली नक्कल मूळापेक्षा लहान भरते, कारण कांसे थंड होताना लांबीत साधारण दीड टक्का आकसते. १५ सेंटिमीटरच्या खलात हा फरक सुमारे दोन मिलिमीटर होतो. मूळ नमुन्याचे माप एखाद्या संग्रहालयाच्या नोंदीत उपलब्ध असेल तर ही तुलना करता येते. साच्यावर साचा काढल्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि नक्षीचे बारीक तपशील भरून येतात, हेही भिंगातून दिसते.

तिसरी खूण बुडाशी असते. खल बहुधा तोंड खाली ठेवून ओतला जाई आणि धातू बुडाच्या बाजूने आत शिरे, त्यामुळे तळाच्या मध्यावर तोडून घासलेल्या जाड देठाची खूण राहते. ती नसली म्हणजे नक्कलच, असे नाही. काही ओताऱ्यांनी तळ पूर्ण कातून काढला आहे.

१२. खलावरील वर्ष आणि नक्षीची शैली जुळत नाहीत. तो बनावट समजावा का?

लगेच समजू नये. लाकडी ठसे अनेक दशके वापरात राहत, त्यामुळे १६५० च्या खलावर शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची पाने दिसू शकतात. राजधानीतील फॅशन लहान गावच्या ओतशाळेत उशिरा पोहोचे, हेही कारण असते. नक्षी वर्षापेक्षा जुन्या वळणाची असेल तर शंकेला फारशी जागा नाही. नक्षी वर्षापेक्षा नव्या वळणाची असेल तर मात्र सावध व्हावे.

वर्ष ओतलेले आहे की नंतर कोरलेले, हे आधी पाहावे. ओतलेला आकडा उठावाचा असतो आणि त्याच्या कडा मऊ असतात. कोरलेल्या आकड्यात छिन्नीची धारदार चर दिसते. कोरलेले वर्ष खोटेच असते असे नाही. ती खल वारशाने मिळाल्याची किंवा दुकान सुरू झाल्याची नोंद असू शकते, पण घडणीचे वर्ष म्हणून ते धरता येत नाही.

१३. धातूच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरून काळ ठरतो का?

काळ ठरत नाही, परंतु अशक्य दावे बाद होतात. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने वस्तूला धक्का न लावता धातूचे घटक कळतात. अॅल्युमिनियम धातुरूपात १८२५ मध्ये प्रथम मिळवला गेला, म्हणून मिश्रधातूत तो मुद्दाम मिसळलेला आढळल्यास १७ व्या शतकाचा दावा तेथेच संपतो. जस्ताविषयीचा नियम थोडा नाजूक आहे. युरोपात पितळ बराच काळ तांबे आणि जस्ताचे खनिज एकत्र तापवून बनवले जाई. त्या पद्धतीत जस्ताचे प्रमाण ३० टक्क्यांच्या फारसे वर जात नाही. इंग्लंडमधील विल्यम चॅम्पियन यांनी जस्त वेगळे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले. त्याआधीचा म्हणून सांगितलेल्या युरोपीय खलात याहून बरेच जास्त जस्त असेल तर प्रश्न निर्माण होतो. आशियाई खलांना हा नियम लावू नये, कारण राजस्थानातील झावर येथे जस्त त्याच्या कितीतरी आधीपासून ऊर्ध्वपातनाने काढले जात होते.

ही तपासणी केवळ पृष्ठभाग वाचते. पुटाखाली किंवा गंजाखाली घटकांचे प्रमाण वेगळे असू शकते, तेव्हा एकाच जागेच्या मोजमापावर निकाल देऊ नये.

१४. लाकडी खल अगदी गोल नाही, लंबगोल झाला आहे. तो खराब समजावा का?

उलट हे चांगले लक्षण आहे. लाकूड सुकताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही, त्यामुळे गोल कातलेला खल कालांतराने किंचित लंबगोल होतो. काठाचा व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजून पाहावा. अचूक गोल असलेल्या ‘तीनशे वर्षे जुन्या’ खलाविषयी अधिक चौकशी करावी.

१५. नक्षी नसलेला खल कमी महत्त्वाचा असतो का?

नाही. पर्सेपोलिसचे उदाहरण प्रश्न २ मध्ये आलेच आहे. साध्या खलात घाटाची प्रमाणे, काठाची जाडी आणि कातकामाची सफाई पाहावी. माझ्या मते सुमार नक्षीने भरलेल्या खलापेक्षा चांगल्या प्रमाणाचा साधा खल केव्हाही सरस.

१६. जुना खल चकचकीत करावा का?

करू नये. पॉलिशने नक्षीचे उंच भाग झिजतात, खोल भागांत पांढरी भुकटी अडकते, आणि ज्या झिजेवरून व पुटावरून वय कळते तेच पुसले जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढणे पुरेसे आहे. कांशावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी ठिगळे दिसू लागली तर तो क्लोराइडमुळे होणारा सक्रिय क्षय असू शकतो. वस्तू लगेच कोरड्या जागी वेगळी ठेवावी आणि संवर्धन-तज्ज्ञाला दाखवावी. घरी धुऊन तो थांबत नाही.

१७. असा खल प्रत्यक्ष वापरता येईल का?

धातूचा जुना खल वापरू नये. आंबट पदार्थ त्यात कळकतात, मिश्रधातूत शिसे असू शकते, आणि त्यात पूर्वी काय कुटले गेले हे कळण्याचा मार्ग नसतो. औषधे बनवणारे पारा आणि सोमल यांची संयुगेही हाताळत असत. दगडी खलाच्या सूक्ष्म छिद्रांतही असे अंश राहू शकतात.

१८. परदेशातून खल आणताना कोणती काळजी घ्यावी?

उत्खननातून आलेल्या वस्तूंना सांस्कृतिक मालमत्तेविषयीचा युनेस्कोचा १९७० चा करार आणि त्या-त्या देशाचे कायदे लागू होतात, म्हणून वस्तू कोठून कोणाकडे गेली याची कागदपत्रे आधी मागावीत. हस्तिदंती खलांवर धोक्यातील जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कडक निर्बंध आहेत. लिग्नम व्हायटी ज्या ग्वायाकम वृक्षांपासून मिळते, तेही याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तू आणि पुरातन वस्तू यांना मिळणाऱ्या सवलती देशागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे दोन्ही देशांतील अधिकृत विभागाकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय वस्तू रवाना करू नये.